गप्पी नव्हे, सेटनांचा मासा : खाडीतल्या एका काचेसारख्या माशाची गोष्ट

(या भागात बोललो तेच थोडं नीटनेटकं करून इथे लिहून देतोय. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ‘ते नाव परत सांग ना’ म्हणणाऱ्यांसाठी.)



आजचा भाग एका माशाबद्दल आहे. पण ‘मासा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सुरमई, पापलेट येत असेल, तर थांबा. हा मासा कुणी खात नाही, बाजारात मिळत नाही आणि त्याची लांबी आहे दोन-अडीच सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या करंगळीच्या अर्ध्यापेक्षाही कमी. वर तो जवळजवळ पारदर्शक. पाण्यात असताना आधी दिसतात ते त्याचे डोळे. दोन काळे ठिपके पाण्याच्या वरच्या थरात तरंगताना दिसतात, आणि मग नीट पाहिलं की कळतं, अरे, या ठिपक्यांच्या मागे एक अख्खा मासा आहे!

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. कारण ती चूक झाली नसती तर हा भागही झाला नसता.

माझे मामा पेण तालुक्यात राहतात, खारपट्ट्यातल्या एका गावात. खारपट्टा म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली भातशेती. बांधाला उघाडी असते. उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जातं आणि भरतीचं खारं पाणी आत येत नाही. निदान येऊ नये अशी अपेक्षा असते! या उघाडीच्या आतल्या बाजूला कायम पाण्याचं एक डबकं साठलेलं असतं. धड गोडं नाही, धड खारं नाही.

तर मामांनी मला व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवला. डबक्यात वरवर फिरणारे बारीक मासे. खाली त्यांचा आवाज : “भाचेबुवा, हे गप्पी आहेत का रे? गावात डास फार झालेत. मासे आणून सोडायचं चाललंय. आधीच असतील तर कशाला आणायचे?”

मी दोन सेकंद पाहिलं. एका माशाच्या पोटाखाली काडीसारखं काहीतरी दिसलं. गप्पीच्या नराला पोटाखाली अशी काडी असते हे मला माहीत होतं. मी लगेच टाइप केलं : “हो मामा, गप्पीच आहेत. आणखी सोडले तरी काही बिघडत नाही.”

बस. एवढंच. पुढे गावात कुणीतरी पिशवी भरून डासखाऊ मासे आणले आणि त्या डबक्यात ओतले. गावात सगळे त्यांना गप्पीच म्हणतात, पण ते होते गंबुशिया. दिवाळीला मी गावी गेलो, डबा घेऊन डबक्यापाशी बसलो, तर जाळीत आले ते सगळे गंबुशिया. मामांच्या व्हिडिओतले मासे तिथे नव्हतेच. ते सापडले उघाडीच्या पलीकडे, खाडीच्या बाजूच्या चरात, तिवरांच्या मुळांजवळ. ते पाहिल्यावर मला कळलं की हे गप्पी नाहीत आणि मी काय करून बसलो.

आता, डबक्यातले ते मासे गंबुशियांनीच संपवले, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका डबक्यावरून असं ठरवता येत नाही. पण गंबुशिया दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लं खातो, इतर माशांचे पर कुरतडतो, हे जगभर पाहिलं गेलंय. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि “काही बिघडत नाही” हे मी लिहिलं होतं, ते कशाच्या जोरावर? दोन सेकंदांच्या व्हिडिओच्या!

तर मग तो मासा होता कोण?

त्याचं नाव ओरायझियास सेटनाय. आपण त्याला सेटनांचा मासा म्हणूया. तो फक्त भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडतो. कच्छच्या आखातापासून खाली केरळात तिरुवनंतपुरमपर्यंतच्या खाड्या, खाजणं आणि नदीची मुखं. म्हणजे आपला कोकण आणि गोवा त्याच्या घराच्या अगदी मध्ये येतात.

आणि त्याची जगाला ओळख करून दिली एका मराठी माणसाने. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. मुंबई प्रांताच्या मत्स्य खात्यात काम करणारे. पुढे लोणावळ्याला महसीर माशाची पैदास करण्याच्या कामात ज्यांचं नाव येतं तेच हे. १९४० साली त्यांनी ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये या इवल्याशा माशावर मोठा निबंध लिहिला. माशाचं नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय. यातला ‘होरा’ म्हणजे सुंदरलाल होरा, भारतातल्या माशांचे त्या काळातले सर्वांत मोठे अभ्यासक. आणि ‘सेटना’ म्हणजे डॉ. सेटना, मुंबई प्रांताचे मत्स्य अधिकारी.

कुलकर्णींनी या माशासाठी नुसती नवी जात नाही, तर अख्खं नवं कुळ केलं. का? कारण हा मासा कुठल्याच चौकटीत बसत नव्हता. आणि गंमत अशी की ज्या काडीने मला फसवलं, तिचाच तो घोळ होता.

थोडं समजून घेऊ. बहुतेक मासे काय करतात? मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यांवर शुक्रद्रव सोडतो, आणि अंडी पाण्यातच फलित होतात. गप्पी आणि गंबुशिया तसं करत नाहीत. त्यांच्या नराच्या मागच्या पोटाखालचा जो पर असतो, त्याच्या पुढच्या काड्या लांब होऊन एक नळीसारखं साधन बनतं. त्याने तो शुक्राणू थेट मादीच्या शरीरात पोचवतो, आणि मादी जिवंत पिल्लं देते.

सेटनांच्या माशाच्या नरालाही तशीच काडी आहे. त्याच परापासून बनलेली. पण पुढची गोष्ट वेगळी. हा नर शुक्राणू मोकळे सोडत नाही. तो त्यांचं बारीक पाकीट बांधतो, काटेरी टोकाचं, आणि ते मादीच्या जननछिद्राजवळ अडकवून देतो. कुरिअर आलं, दाराला लावून गेलं, असा प्रकार! शुक्राणूंची पाकिटं देणारे प्राणी तुम्हाला माहीत आहेत : आपला माकूल देतो, विंचू देतो. पण माशात ही फार दुर्मीळ गोष्ट.

आणि एवढं सगळं झाल्यावर मादी पिल्लं देत नाही. ती अंडी घालते. फलित झालेली अंडी. या कुळातल्या माशांच्या अंड्यांवर बारीक तंतू असतात, त्यांनी ती शेवाळाला, पाणवनस्पतींना धरून राहतात. वाहत्या पाण्यात, रोज दोनदा भरती-ओहोटी होणाऱ्या जागी अंडं धरून राहणं किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

अजून एक विचित्र गोष्ट. माशाला पोटाखाली पुढच्या बाजूला दोन छोटे पर असतात, एक डावा, एक उजवा. या माशाच्या मादीला उजवा नसतोच. फक्त डावा. जखमेमुळे गेलेला नाही, प्रत्येक मादी अशीच. नराने पाकीट अडकवायची जागा तिथेच जवळ आहे हे लक्षात घेतलं, की या रिकाम्या जागेचा अर्थ लागायला लागतो.

म्हणजे काडी गप्पीसारखी, पाकीट माकुळासारखं, अंडी तिसऱ्यासारखी. कुलकर्णींनी नवं कुळ केलं यात नवल नाही. पुढे १९८१ मध्ये डॉन रोझेन आणि लिन पॅरेंटी या दोन अभ्यासकांनी हाडांची, कल्ल्यांची रचना तपासून दाखवलं की हे आणि याचे भाऊबंद गप्पीच्या घराण्यातले नाहीतच. ते आहेत लांब चोचीच्या सुईमाशांच्या आणि समुद्रावर उड्या मारणाऱ्या उडत्या माशांच्या घराण्यातले! २००८ मध्ये पॅरेंटींनी त्याला ओरायझियास या गटात नेलं. ओरायझा म्हणजे भात. भातखाचरात सापडतात म्हणून भातमासे. जुनं कुळ गेलं, पण ‘सेटनाय’ राहिलं.

या गटातला सर्वांत प्रसिद्ध मासा जपानचा. मेदाका. तो प्रयोगशाळांमध्ये जगभर पाळला जातो. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून मेदाका अवकाशात गेले होते. तिथे त्यांचं मीलन झालं, अंडी घातली गेली, पिल्लंही निघाली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत अवकाशात असं पहिल्यांदाच घडलं. आता विचार करा, अवकाशात जाऊन आलेल्या माशाचा चुलत भाऊ पेणच्या उघाडीपाशी फिरतोय आणि मी त्याला ‘गप्पी’ म्हणून मोकळा झालो.

तर काडी सारखी म्हणजे नातं जवळचं, असं नाही. दोन वेगळ्या घराण्यांनी एकाच अडचणीवर सारखा तोडगा काढलाय. वटवाघूळ उडतं म्हणून पक्षी होत नाही, तसंच.

आता तो पाण्याच्या अगदी वरच का राहतो, ते पाहू. कारण ओळखायची पहिली खूण तीच आहे.

खाडीच्या उथळ पाण्यात दुपारी काय होतं? पाणी तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात खाली चिखल, कुजणारी पानं, तिथले जिवाणू असेल तेवढा प्राणवायू वापरून टाकतात. पण हवेला चिकटलेला पाण्याचा जो पापुद्रा असतो, अगदी काही मिलिमीटरचा, त्यात हवेतून प्राणवायू सतत विरघळत असतो. ज्याचं तोंड वर वळलेलं आहे आणि डोकं वरून चपटं आहे, त्याला हे पाणी कल्ल्यांवरून घेता येतं. म्हणून वरच्या थरात राहणारे मासे एकमेकांचे कुणी नसले तरी सारखे दिसतात : चपटं डोकं, वर वळलेलं तोंड, मोठे डोळे आणि पाठीचा पर मागे सरकलेला. मेदाका या जपानी नावाचा अर्थच ‘वरती डोळे असलेला’ असा आहे.

पण वर राहण्याची किंमत आहे. वरून खंड्या बघतोय, बगळा बघतोय. लपायला जागा नाही. मग न दिसणं हाच उपाय. म्हणून तो काचेसारखा. पाठीचा कणा आरपार दिसतो, फक्त डोळे आणि पोटाची चंदेरी पिशवी लपवता येत नाही.

आणि खारं-गोडं? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके. खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांतल्या पेशींतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात नेमकं उलट. पाणी आत घुसतं, ते पातळ लघवीवाटे काढावं लागतं आणि क्षार कल्ल्यांतून आत ओढून घ्यावे लागतात. मे महिन्यात खाडी खारट असते, जुलैत पुराचं पाणी आलं की जवळजवळ गोडी. शिवाय रोजची भरती-ओहोटी आहेच. हा करंगळीएवढाही नसलेला जीव ही अदलाबदल आयुष्यभर करत राहतो.

बरं, आता कामाचं बोलू. ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी, वरून काढलेल्या व्हिडिओवरून ओळखायचं नाही. माझं तेच चुकलं. वरून सगळे बारके मासे सारखेच. बाजूने बघायचं.

एक, पाठीचा पर कुठे आहे? गप्पीचा पाठीच्या मध्याच्या आसपास असतो. गंबुशियाचा थोडा मागे. सेटनांच्या माशाचा अगदीच छोटा आणि पार शेपटीजवळ गेलेला. 

दोन, पोटाखालचा मागचा पर. गप्पी, गंबुशियात तो आखूड असतो. सेटनांच्या माशात तो लांबलचक, पोटाखालून शेपटीकडे झालरीसारखा गेलेला. ही दोन लक्षणं जमली तरी बरंच काम झालं. 

तीन, रंग. गप्पीच्या नराला रंगीत ठिपके, मोठी शेपटी. गंबुशियाची मादी राखाडी, पोटाजवळ काळा डाग, शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी. आपला गडी काचेसारखा. 

चार, पोट. गंबुशियाच्या गाभण मादीचं पोट टम्म फुगतं. सेटनांचा मासा बारीक, चपटा, पात्यासारखा. 

आणि पाच, अगदी जवळून फोटो निघाला तर मादीचा तो एकच डावा पर. तो दिसला की शंका संपली. काडीवरून मात्र निकाल द्यायचा नाही. ती तिघांकडेही आहे.

आणखी काही जण तिथे फिरत असतात, त्यांच्याशी गल्लत करू नका. पंचॅक्स नावाचे आपले देशी मासे. तेही वरच राहतात, पण डोक्यावर एक चमकता पांढरट ठिपका असतो, तो वरून टॉर्च लावल्यासारखा दिसतो. सोपी खूण आहे. आणि ऐका, पंचॅक्स डासांच्या अळ्या चांगल्या खातो. म्हणजे अळ्या खाणारा मासा पाहिजे म्हणून दरवेळी बाहेरचाच आणावा लागतो असं नाही. दुसरे म्हणजे बोयची पिल्लं. तीही थव्याने वर असतात, पण त्यांच्या पाठीवर दोन पर, एकामागे एक. तिसरे काचमासे. पारदर्शक असतात, पण अंगाने उंच, आणि त्यांचा पाठीचा पर मोठा, पुढच्या भागात टोकदार काटे असलेला.

फोटोसाठी काय करायचं? एक पारदर्शक, चपटा डबा घ्या. मिठाईचा चालेल. त्यात तिथलंच पाणी भरा, हातजाळीने दोन-तीन मासे अलगद घ्या. डब्याच्या मागे आधी पांढरा कागद धरा, मग काळा. पारदर्शक माशाच्या पराच्या कडा काळ्यावर जास्त छान दिसतात. फोनचा फ्लॅश बंद, मॅक्रो चालू, आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ. दोन मिनिटांत मासे परत त्याच जागी सोडायचे. त्याच जागी, हं! घरी आणून फिशटँकमध्ये नाही आणि दुसऱ्या डबक्यात तर मुळीच नाही. तारीख, जागा, भरती होती की ओहोटी, एवढं लिहून ठेवा आणि आयनॅचरलिस्टवर टाका. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यासारख्या संरक्षित जागी जाळी घेऊन उतरायचं नाही, तिथे परवानगी लागते. आणि उधाणाच्या दिवशी तिवरांत एकट्याने जाऊ नका. चिखलात पाय रुतला की पाणी थांबत नाही.

आता मामांचं राहिलं. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, मी चुकीचं सांगितलं होतं. ते गप्पी नव्हते. ते इथलेच होते, जगात दुसरीकडे कुठे नसतात. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, मी लहानपणापासून बघतोय हे. आम्ही त्यांना काही नावच ठेवलं नव्हतं. तू गप्पी म्हणालास म्हणून गप्पी म्हणायला लागलो.”

हे मला लागलं. मामांना नाव माहीत नव्हतं तेव्हा ते मासे डबक्यात सुखाने होते. मी चुकीचं नाव दिलं, आणि त्या नावाबरोबर “काही बिघडत नाही” हेही आलं. ‘माहीत नाही, नीट बघून सांगतो’ एवढं टाइप करायला किती वेळ लागला असता?

डासांचा प्रश्न खोटा नाहीये. मलेरिया, डेंग्यू घरात आल्यावर कुणालाही माशाच्या पराची लांबी मोजायला सुचणार नाही, आणि गावाने काही वाईट केलं असं मी म्हणत नाहीये. घरातल्या टाकीत, हौदात मासे सोडणं वेगळं. तिथून ते कुठे जात नाहीत. पण खाडीला जोडलेल्या पाण्यात बाहेरचा मासा सोडला की तो परत गोळा करता येत नाही. म्हणून सोडायच्या आधी एकदा बघायचं, आत आधीच कोण राहतंय.

मामांनी आता उघाडीच्या बाहेरच्या चरावर लक्ष ठेवलंय. गेल्या आठवड्यात त्यांचा व्हिडिओ आला. या वेळी बाजूने, मिठाईच्या डब्यातून काढलेला, मागे काळा कागद. दोन काळे डोळे, चंदेरी पोट, शेपटीजवळ इवलासा पर. खाली मेसेज : “सेटनाच ना?”

मी या वेळी तीनदा पाहिलं. मग लिहिलं, “हो मामा. सेटनाच.”

तुमच्या जवळ खाडी असेल, खाजण असेल, मिठागराचा चर असेल, तर या रविवारी ओहोटीची वेळ बघून जा. दोन काळे ठिपके दिसतात का बघा. आणि लगेच नाव सांगू नका.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!